भाडं किती येतं आणि हाती किती उरतं?
गाळा घेण्याआधी, खोल्या बांधण्याआधी करायचा हिशोब



गटाचं दुसरं-तिसरं बँक कर्ज फिटलं, म्हशीचे हप्ते संपले, पोरं हाताशी आली, की बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "चार पैसं साठल्यात. गडहिंग्लजला एखादा गाळा घ्यावा काय? न्हाईतर परड्यात खोल्या काढाव्यात? घरबसल्या भाडं येईल." दुसरी लगेच म्हणते, "घे की. जागा कुठं पळून जाती?"

जागा पळून जात नाही हे खरं. पण पैसा जागेत अडकतो, तोही पळत नाही. दवाखान्याला अचानक पन्नास हजार लागले तर अर्धी खोली विकता येत नाही. म्हणून पहिली गोष्ट अशी, की घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बँकेत किंवा पोस्टात बाजूला असल्याशिवाय हा विषयच काढायचा नाही. ते असतील तर पुढं वाचा.

भाडेकरू कोण, हे आधी ठरवा

आपण बहुतेकजणी आधी जागा बघतो, मग भाडेकरू शोधतो. हे उलटं करायला हवं. तुमच्या जागेत कोण राहणार, कोण दुकान टाकणार, त्याला दुसरीकडे काय मिळतं, तो किती महिने राहील, हे आधी कळलं पाहिजे.

गडहिंग्लज शहरात खोलीला गिऱ्हाईक कोण? कॉलेजची पोरं-पोरी, शिक्षक, उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्स, बँकेत बदलून आलेले लोक, एसटीचे कर्मचारी. चंदगड, आजऱ्याच्या वाड्यावस्त्यांवरून मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहणारी कुटुंबंही असतात. प्रत्येकाची गरज वेगळी. विद्यार्थ्याला स्वस्त खोली आणि जवळ खानावळ हवी, पण तो उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली सोडतो. नर्सताईला रात्रपाळीवरून चालत येता येईल असा उजेडातला रस्ता हवा. कुटुंबाला स्वतंत्र संडास आणि पाणी हवं, पण ते एकदा आलं की दोन-तीन वर्षं हलत नाही. बारा महिने भाडं हवं असेल तर कुटुंब बरं, खोल्या जास्त आणि जागा कमी असेल तर विद्यार्थी.

गाळ्याचं गणित आणखी वेगळं. गडहिंग्लजच्या मिरची बाजाराला नाव आहे, पण मिरचीचा हंगाम ठरावीक महिन्यांचा. हंगामात गोदामाला भाडं चांगलं मिळतं, म्हणून वर्षभर तेवढंच मिळेल असं धरू नका. हरळीच्या साखर कारखान्याच्या वाटेवरच्या गाळ्याचंही तसंच. गाळीत सुरू असताना चहाची गाडीसुद्धा जोरात चालते. पावसाळ्यात त्याच रस्त्यावर एक फेरी मारून या.

गावात बांधायचं असेल तर आणखी जपून. महागावसारख्या गावात मोठी कॉलेजं आहेत, तिथं खोलीला मागणी आहे. नेसरीला बाजारपेठ आहे, आजूबाजूची गावं तिथं येतात. पण आपल्या गावात यातलं काहीच नसेल, तर खोली कितीही चांगली बांधली तरी राहायला येणार कोण? गावातला मुलगाच कोल्हापूर-पुण्याला चाललाय.

चौकशीची सोपी पद्धत सांगते. ज्या भागात घ्यायचं तिथं तीन वेगवेगळ्या दिवशी संध्याकाळी फिरा. 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या मोजा, आणि दोन महिन्यांनी त्याच पाट्या अजून आहेत का ते बघा. भाडं किती हे मालकाला विचारू नका, तो फुगवून सांगतो. एजंट तर सांगतोच. भाड्यानं राहणाऱ्या बाईला विचारा. "किती देता, पाणी किती वेळ येतं, आधीचे लोक का सोडून गेले?" ती पाच मिनिटांत खरं सांगते.

आणि नदी. हिरण्यकेशीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये आलेला पूर आपण डोळ्यांनी बघितलाय. नदीकडची जागा स्वस्त का मिळते याचं उत्तर तिथंच आहे. भिंतीवर पाण्याची खूण कुठपर्यंत होती हे शेजाऱ्यांकडून काढून घ्या. भिंतीला नवा रंग दिलेला असेल तर जरा जास्तच विचारा.

वहीतला हिशोब

आता वही घ्या. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा करायचं.

समजा एका ताईंनी शहरात गाळा घेतला. किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील सगळं धरून १८ लाख रुपये गेले. भाडं महिन्याला ७,००० रुपये. वर्षाचे ८४,००० होतात आणि हाच आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा येईपर्यंत महिनाभर गाळा बंद राहिला, तर ७७,००० आले. घरपट्टी ४,००० गेली. शटर, रंग, गळती याला ५,००० गेले. हाती राहिले ६८,०००. अठरा लाखांवर ६८,००० म्हणजे शंभराला पावणेचार रुपये. राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव ठेवली तर काही न करता यापेक्षा जास्त व्याज येतं.

म्हणजे गाळा घेणारी बाई खरं तर भाड्यावर पैसे लावत नाही, जागेचा भाव वाढेल यावर लावते. भाव वाढतोही. संकेश्वर-बांदा रस्त्याच्या कामानंतर रस्त्याकडेच्या जागांची चर्चा किती वाढली ते आपण ऐकतोच. पण वाढलेला भाव जागा विकल्यावरच हातात येतो, आणि तोवरचा संसार पावणेचार रुपयांवर चालवायचा असतो. हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही. भाड्यावर घर चालेल म्हणून घेतलं तर पंचाईत.

आता दुसऱ्या ताई. यांचं घर कॉलेज असलेल्या गावात, परडं मोकळं. तिथं संडास-बाथरूमसह तीन खोल्या काढल्या, खर्च ६ लाख. प्रत्येक खोलीला २,००० रुपये, म्हणजे महिन्याला ६,०००. पोरं सुट्टीत घरी जातात म्हणून वर्षाचे दहाच महिने धरले, ६०,००० झाले. घरपट्टी २,०००, रंग-दुरुस्ती ६,०००, पाण्याच्या मोटरीचं लाइट बिल ४,०००. हाती राहिले ४८,०००. शंभराला आठ रुपये.

दुसरीचं गणित गाळ्यापेक्षा दुपटीनं बरं दिसतं, कारण जागेची किंमत मोजावी लागली नाही. पण यातही खोच आहे. परड्यातल्या खोल्या उद्या विकायच्या म्हटल्या तर घेणार कोण? आपल्या अंगणातून वाट असलेली खोली कुणी विकत घेत नाही. शिवाय पोरांचा वावर घरात वाढतो, रात्री-अपरात्री गेट उघडावं लागतं. हे पैशात मोजता येत नाही, पण घरातल्या सुनेला आणि मुलीला विचारून मगच ठरवा.

घर पाहावं बांधून, असं म्हणतात ते उगाच नाही. गवंडी सांगेल त्या आकड्यावर निदान पंधरा टक्के वाढवून धरा. सिमेंट, सळई, वाळू यांचे भाव काम सुरू झाल्यावर कधी उतरलेले बघितलेत का?

पैसा कुठला, यावर सगळं अवलंबून

हा भाग सावकाश वाचा, आणि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा.

आपल्या गटात अंतर्गत कर्जाचं व्याज बऱ्याच ठिकाणी महिन्याला शेकडा दोन असतं. वर्षाला चोवीस झाले. वरच्या चांगल्या गणितातसुद्धा खोल्यांमधून शंभराला आठ रुपये सुटतात. चोवीसनं पैसा उचलून आठच्या कामात घातला तर मधले सोळा रुपये कुठून आणणार? मजुरीतून, दुधाच्या बिलातून, नाहीतर दुसऱ्या गटाच्या कर्जातून. शेवटचा रस्ता धरला की मागं फिरता येत नाही.

दीनदयाळ अंत्योदय योजनेखाली गटाला ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. पण ते गटाचं आहे. दहाजणींत वाटलं तर एकीच्या वाट्याला तीस हजार येतात, आणि ते शेळी, म्हैस, शिलाई, दुकान अशा लवकर फिरणाऱ्या धंद्यासाठी असतं. एकीनं इतरांच्या नावचे पैसे घेऊन खोल्या बांधल्या आणि खोल्या रिकाम्या राहिल्या, तर थकबाकी गटाच्या खात्यावर दिसते. पुढच्या वेळी बँक दहाहीजणींना थांबवते. आपल्या दशसूत्रीत नियमित परतफेड आहे ती यासाठीच. त्यामुळे माझं स्पष्ट मत सांगते, गटाचा पैसा भाड्याच्या जागेत घालू नये. ज्या धंद्याचा पैसा सहा महिन्यांत परत येतो त्यालाच तो पुरतो.

मग कर्ज काढायचंच नाही का? काढा, पण स्वतःच्या नावावर, लांब मुदतीचं, आणि हाती उरणाऱ्या भाड्यात बसेल एवढंच. १० टक्के व्याजानं एक लाख रुपयांचा हप्ता सात वर्षांत फेडायचा तर महिन्याला साधारण १,६६० रुपये येतो, दहा वर्षांत फेडायचा तर १,३२०. दुसऱ्या ताईंच्या हाती महिन्याला सरासरी ४,००० राहतात. सहा लाख पूर्ण कर्ज काढलं, सात वर्षांचं, तर हप्ता ९,९६० होतो. दरमहा सहा हजार खिशातून. तीन लाख स्वतःचे घातले आणि तीन लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता ३,९६५. भाड्यात जेमतेम बसला. जेमतेमच, कारण एक खोली वर्षभर रिकामी राहिली की पुन्हा खिशात हात. दोन लाखच घेतले तर झोप लागते.

कागद: जागा कुणाच्या नावावर?

परड्यात खोल्या बांधल्या, पैसे आपले, कष्ट आपले. पण परडं कुणाच्या नावावर आहे? बहुतेक घरांत उत्तर येतं, "सासऱ्यांच्या." मग बांधलेल्या खोल्या जमिनीबरोबर वारसांच्या होतात. दीर, नणंदा सगळ्यांचा त्यात हक्क येतो, आणि पैसे तुम्ही घातले हे सिद्ध करत बसावं लागतं. दीर चांगले आहेत, नणंदा मायेच्या आहेत, असेलही. पण त्यांची मुलं मोठी झाल्यावर काय? बांधण्याआधीच वाटणीपत्र करून नोंदवून घ्या.

नवऱ्याच्या नावावर घर असेल तर महाराष्ट्रात सोय आहे. राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावण्याबद्दल शासनाचं २००३ सालापासून परिपत्रक आहे. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती आणि कितीतरी शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं होतं. म्हणजे मागणं नवं नाही, घरात बोलायला संकोच करू नका.

नवीन घर किंवा फ्लॅट बाईच्या एकटीच्या नावानं घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही आधीची अट २०२३ मध्ये काढली. ही सवलत राहत्या घराला आहे, गाळ्याला नाही. नवऱ्याचं नाव जोडलं तरी ती जाते.

कागद तपासताना गल्लत होते ती दोन 'आठ'ची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा, आणि तलाठ्याकडचा ८-अ म्हणजे जमिनीचं खातं. घरपट्टीचा उतारा कर आकारणीसाठी असतो, तेवढ्यावर मालकी ठरत नाही. शहरात सिटी सर्व्हे ऑफिसातली मिळकत पत्रिका बघा. शेतजमिनीतला प्लॉट असेल तर बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो का ते बघा. तो उतरवल्याशिवाय विसार देऊ नका. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या. यात जे पैसे जातात त्यांची काटकसर करायची नाही.

काहीजणी विचारतात, गटाच्या नावानं गाळा घ्यावा का? नोंदणी नसलेल्या गटाच्या नावानं खरेदीखत होत नाही. मग एका-दोघींच्या नावानं करतात, आणि तिथूनच भांडण सुरू होतं. नोंदणी झालेल्या संघाला घेता येतं, पण ठराव, सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण सगळं रीतसर हवं.

एक इशारा याच ओघात. "प्लॉट आमच्याकडे राहू द्या, दर महिन्याला खात्रीचं भाडं देतो," असं कुणी म्हणत आलं तर पीएसीएल आठवा. त्या कंपनीनं जमिनीच्या नावावर देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. खेड्यापाड्यांत ओळखीच्याच एजंटांमार्फत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सेबीनं पैसे परत करायचा आदेश दिला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली, आणि लोक पावत्या घेऊन वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. ज्या जागेवर आपण स्वतः जाऊन चारी बाजू बघू शकत नाही, तिला पैसे द्यायचे नाहीत.

भाडेकरू आल्यावर

"ओळखीचाच हाय, कशाला करार?" हे वाक्य आपल्याकडे फार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या मानल्या जातात, जोवर उलटं सिद्ध होत नाही तोवर. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चालत नाही.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिन्याला २,००० रुपये भाड्याच्या खोलीला ते वर्षाच्या कराराला शंभर रुपयांच्या आसपास जातं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५००, शहरात १,०००. एजंटाचे वेगळे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या, आधार कार्डाची प्रत ठेवा.

करारात लाइट बिल कोण भरणार ते लिहा. शक्य असेल तर वेगळा मीटर घ्या. घराच्या मीटरवर दुकान चालवू देऊ नका, व्यापारी दर वेगळा असतो आणि तपासणीला आले तर दंड मीटर ज्याच्या नावावर त्याला होतो. डिपॉझिट घेतलं तर ते वेगळ्या खात्यात ठेवा. ते भाडेकरूचं आहे, आपल्याकडे नुसतं ठेवायला दिलेलं. लग्नसराईत त्यालाच पहिला हात लागतो, म्हणून सांगते. भाडं रोख न घेता बँक खात्यात घ्या, तेही तुमच्या स्वतःच्या खात्यात. पुढे कर्ज हवं असलं तर हेच पासबुक दाखवता येतं. प्राप्तिकराचं विवरण भरत असाल तर भाडं त्यात दाखवा. भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं येताना आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा किंवा मिळकत पत्रिका घेऊन यायची. नाव कुणाचं आहे ते सगळ्यांसमोर वाचायचं. ज्यांच्या मनात गाळा किंवा खोल्या आहेत त्यांनी वरचं गणित आपल्या आकड्यांनी करून आणायचं, म्हणजे एकूण खर्च, वर्षातले भाडं येणारे महिने, घरपट्टी-दुरुस्ती, आणि शंभराला किती रुपये सुटतात. लेखनिक ताई ते फळ्यावर मांडतील. बँक सखीला बोलवा, कर्जाचा हप्ता तिच्याकडून काढून घ्या. ज्यांचं गणित शंभराला सहाच्या खाली येईल त्यांनी तेच पैसे ठेवीत ठेवले तर काय होईल, तेही शेजारी लिहा.